शून्य गाळणारी ओळ

भोसरीच्या एमआयडीसीत बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, बनवणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपात जिकरा मापं तपासायची. दिवसभर हातात डायल गेज, काट्याचं मापयंत्र. वडील इब्राहिमभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. इंजिनाच्या आवाजावरून ते दुखणं ओळखायचे. पोरीने तोच कान उचलला, फक्त तो कॉम्प्युटरला लावला.

पीएचपी ही कॉम्प्युटरची भाषा ती जेवणाच्या सुट्टीत शिकली, डब्याच्या झाकणाला मोबाइल टेकवून, व्हिडिओ बघत. आधी सगळं हाताने लिहायची. रांगेतला एक आकडा उचल, बघ, बाजूला ठेव, पुढचा उचल. अशा रांगेला त्या भाषेत अ‍ॅरे म्हणतात. मग एके दुपारी तिला कळलं की या खटाटोपासाठी भाषेतच तयार फंक्शन्स आहेत. एक रांग गाळून देतं, एक प्रत्येक आकड्यावर तेच काम करतं, एक बेरीज करतं. पानभर मजकूर चार ओळींत मावला. इतके दिवस आपण अंधारात चाचपडत होतो आणि बटण भिंतीवरच होतं, असं तिला झालं. घरी येऊन तिने हे इतकं भरभरून सांगितलं की आईला, झुलेखाबींना, पोरीने कुणी मुलगा पसंत केला असावा असं वाटलं.

त्या चार ओळींवर तिने वर्कशॉपासाठी एक पान उभं केलं. बुश नेमक्या मापापासून किती मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग, सरकला, ते ऑपरेटरने मोबाइलवर भरायचं. मशीन बंद असेल तर चौकोन रिकामा सोडायचा. हे रिकामे चौकोन काढून टाकायला जिकराने अ‍ॅरे फिल्टर लावलं. काय गाळायचं ते सांगितलं नाही तर ते रिकामं तेवढं आपोआप काढतं, असं तिने ऐकलं होतं. उरलेल्यांची सरासरी काढून प्रत्येकाच्या नावाची पट्टी केबिनमधल्या टीव्हीवर उमटायची. पट्टी जितकी आखूड, तितका हात अचूक.

शनिवारी मालक निरंजनसरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांत लांब पट्टी उद्धवरावांची होती. लातूरकडचे उद्धवराव वर्कशॉपातले सर्वांत जुने ऑपरेटर, जिकराला गेज धरायला शिकवलं तेही त्यांनीच. सर म्हणाले की काकांना सोमवारपासून पॅकिंगला बसवायचं, मशीन नव्या पोराला द्यायचं, आणि हे आता काकांना सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्यांनाही जड जात होतं.

"हे मी म्हणत नाही, जिकरा. तुझं पान म्हणतंय."

ती बाहेर आली. काकांचा हात चुकतो यावर तिचा विश्वास बसेना. पण जगभरची माणसं वापरतात ती फंक्शन्स चुकतील यावरही बसेना. ती मोबाइल घेऊन थेट काकांच्या मशीनपाशी गेली आणि नुसती बघत उभी राहिली.

उद्धवरावांनी बुशात गेज घातला. काटा हलला नाही. अडकला तर नाही ना, म्हणून त्यांनी नखाने काचेवर टिचकी मारली. काटा जागचा जागीच. त्यांनी शून्य भरलं. पुढचा बुश. पुन्हा शून्य. त्या शेडमध्ये तयार नगाला जॉब म्हणत, आणि 'जॉब शून्यात आला' याहून मोठी शाबासकी तिथे नव्हती. त्यानंतरचा बुश चार मायक्रॉन सरकलेला निघाला.

जिकराने आपल्या मोबाइलवर फक्त या तीन नोंदींपुरतं पान ताजं केलं. तपासलेले जॉब: एक. सरासरी फरक: चार.

तिने पुन्हा वाचलं, आणि तिच्या लक्षात आलं. फिल्टरला रिकामा चौकोन आणि शून्य, दोन्ही सारखंच. काहीच नाही. काकांचे उत्तम जॉब रिकाम्या चौकोनांबरोबर गाळून गेले होते आणि त्यांच्या नावावर फक्त चुकलेले उरले होते; बाकीच्यांचे एक-दोन मायक्रॉनवाले जॉब मात्र सगळे मोजले जात होते. ज्याचा हात जितका चांगला, त्याचं तितकं जास्त गाळलं गेलं होतं. ती चक्क हसायला लागली.

"काय करायलीस पोरी? एकटीच हसायलीस?"

"काका, तुमची शून्यं कुठं गेली ते सापडलं."

"जातील कुठं? हितंच हायेत की, क्रेटात."

ती केबिनकडे पळाली. बसायचंही तिला सुचलं नाही, उभ्यानेच कीबोर्ड ओढला. सर खुर्चीमागून बघत होते. फिल्टरला तिने आपली अट शिकवली: चौकोन खरोखर कोरा असेल तरच काढ, शून्य असेल तर राहू दे. बोटं घाईत दोनदा चुकली. मग पान ताजं झालं, आणि उद्धवरावांची पट्टी सरसर आखडत टीव्हीच्या कडेला लागली. शोधावी लागेल इतकी बारीक.

सरांनी पहिल्या दिवसापासूनच असं होतं का, ते विचारलं. तिने हो म्हटलं. ते काकांना सगळं सांगायला उठले.

"मी सांगते, सर. ओळ माझी होती."

मशीनच्या घरघरीत तिला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं: पॅकिंग, नवा पोरगा, फिल्टर, शून्य, सगळं. उद्धवराव हात पुसत ऐकत राहिले. फिल्टरचं त्यांना कितपत उमगलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे सोमवारी मशीनवर मीच ना?"

"तुम्हीच, काका."

त्यांनी मान हलवली, नवा जॉब मशीनच्या पकडीत, चकमध्ये, धरला, मशीनचं दार ओढलं आणि हिरवं बटण दाबलं.