दुसरं काडतूस

बाबा गेल्यावर त्यांची रायफल बरेच दिवस पोलीस ठाण्यात जमा होती. परवाना दादाच्या नावावर झाला, तेव्हा तो ती घेऊन वरूडजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात आला. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. नाताळच्या सुटीत मीही तिथं पोचले. साठ सालानंतरचा कुठला तरी हिवाळा. झाडं फळांनी वाकलेली, दुपारचं ऊन सायीसारखं दाट. त्या उन्हात बोलणंसुद्धा आपोआप हळू व्हायचं.

रायफलीला एक खोड होती. पहिली गोळी सुटायची. पण मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, ओढून पुढं लोटला तरी दुसरं काडतूस वर यायचंच नाही. रानडुकरं शेजारच्या ज्वारीत उतरू लागली होती, म्हणून ती दुरुस्त करायचं ठरलं.

"घरात नोका खोलू," माय म्हणाली. "आंगनात न्या. अन तोंड नाल्याकडं ठेवा."

आम्ही निंबाखाली सतरंजी टाकली. दादानं काडतुसांची पेटी मायच्या हाती दिली, तिनं ती आत नेऊन कुलपात ठेवली. मग त्यानं बोल्ट उघडला, आत काडतूस राहिलं नाही ना हे डोकावून पाहिलं आणि मला म्हणाला, "बाई, तू बी पाय. बोट घालून पाय." मी करंगळी घातली. आत गार लोखंड, बाकी काही नाही.

बोल्ट निघाल्यावर मी मागच्या बाजूनं नळीतून पाहिलं. पलीकडं उजेडाचा इवलासा गोल होता आणि त्यात एक संत्रा लोंबत होता. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे.

दादानं खालचे स्क्रू सोडवले. झाकणामागं स्प्रिंग असते, म्हणून तळहातानं ते दाबून धरत त्यानं हळूहळू सोडलं. स्प्रिंग शाबूत होती. पण काडतुसं वर उचलणारी पट्टी आत घट्ट चिकटली होती. तिच्या कडेला मळकट पिवळा थर. मी नखानं खरवडून हुंगलं. खोबरेल! बाबा डोक्याला लावायचे तेच तेल रायफलीलाही द्यायचे. थंडीत ते गोठत गेलं, त्यात धूळ बसत गेली. त्या वासानं बाबा माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं झालं.

मायनं ती पट्टी हातात घेतली, हुंगली आणि खालीच बसली.

"तुमाले सांगतलं नाई त्याईनं," ती म्हणाली. "पान्याच्या पाटावर डुकरीन होती, पिल्लं घेऊन. त्याईनं गोळी झाडली, ते चुकली. डुकरीन फिरली त्यायच्यावर. दुसरं काडतूस येतच नाई. तसेच उभे रायले. ते जवळ आली, थांबली, अन पिल्लं घेऊन ज्वारीत गेली."

"मंग दुरुस्त काहून नाई केली?" मी विचारलं.

"मले म्हने, काडतूस आलं असतं तर म्या मारली असती तिले. लेकरं होती तिच्यासंगं. अन मंग हातच लावला नाई रायफलीले."

दादाच्या हातातली घासलेटची चिंधी थांबली. "माय, मंग मी करू का नोको?"

मायनं पट्टी त्याच्या हातात परत दिली. "कर," ती म्हणाली. "समद्याच डुकरिनी माघारी फिरत नाईत."

त्यानं थर पुसून काढला, पट्टी कोरडी केली, मशीनच्या तेलाचा हलकासा हात फिरवला. ती आता सहज वर-खाली होऊ लागली. सगळं पुन्हा जोडलं, मायनं कुलपातली काडतुसं आणून दिली आणि आम्ही नाल्यावर गेलो. पलीकडं मातीची उंच दरड होती, आसपास कोणी नव्हतं. मायनं कानांवर हात ठेवले. पहिली गोळी दरडीत शिरली. दादानं बोल्ट ओढला, लोटला. दुसरी. मग तिसरी. बगळे उठले, उन्हात जरा तरंगले आणि पुन्हा पाण्यात उतरले.

परतताना मायनं विचारलं, "येते ना आता दुसरं?"

"येते."

"बरं झालं," म्हणत ती वाकली आणि झाडाखाली गळालेले संत्रे पदरात वेचू लागली.