तो मळ नव्हता, आई

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट स्टेशनावरून गोंदियाची गाडी हलली तेव्हा लोकांच्या आया रडत होत्या. माझी आई खिडकीची दांडी धरून ओरडत होती, "मान घासत जाजो वं! पुण्याचे लोकं काय म्हणतीन?" डब्यातल्या सगळ्यांनी वळून माझी मान पाहिली. पिशवीत चिन्नोर तांदूळ आणि त्यावर वाळलेल्या दोडक्याची जाळी होती. त्याच जाळीनं तिनं मला आठवीपासून घासलं होतं. माझ्या मानेवर काळा पट्टा, गालांवर पुरळ. तिच्या मते दोन्हीचं कारण एकच, पोरगी नीट आंघोळ करत नाही.

नोकरीसाठी पुण्यात आले तरी मी इमानेइतबारे घासत राहिले. मान सोलली, पट्टा तसाच. हनुवटीवरचे फोडही तसेच. घरी फोन करायची तो व्हिडिओ बंद ठेवून. "नेटवर्क नहीं है" हे ठरलेलं. शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलंच. त्यांनी चेहऱ्याआधी मान पाहिली, रक्त तपासायला लावलं आणि म्हणाल्या, "हा मळ नाही. तुमचं शरीर इन्सुलिनचं ऐकत नाहीये."

पुढचं माझ्या भाषेत सांगते. लहानपणी मी एका हाकेत उठत नसे, म्हणून आई आवाज चढवायची. मी तरी झोपलेलीच, शेजारच्या काकू मात्र जाग्या! तसंच हे. साखर पेशींत जाईना म्हणून शरीर इन्सुलिन वाढवत नेतं, आणि त्या आरडाओरड्यानं भलतेच हार्मोन जागे होतात. त्वचा तेल सोडते, पुरळ उठतं. मान काळी पडते तीही या वाढलेल्या इन्सुलिननंच. उपाय काय, तर थोडं औषध, भात बेतानं आणि रोज चालणं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हसत सुटले. अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं मी घाणेरडी नव्हतेच!

आणि हसता हसता आठवलं, आईची मानही तशीच आहे.

दिवाळीत घरी जाऊन म्हटलं, "आई, तुही साखर तपासू."

"मले काय धाड भरली?"

वेणी घालून देते म्हणून तिच्या मागे बसले आणि मानेवर बोट ठेवलं. "तुह्याही मानेवर तोच मळ आहे. घासू का?" मग डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. ती वळून म्हणाली, "मळ नोहय? मंग मी तुले काहून घासलं वं इतकं?" दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅब गाठली. साखर काठावर होती, पलीकडे मधुमेहात गेली नव्हती. मला इतका आनंद झाला की तिथेच तिच्या गळ्यात पडले.

निघताना पिशवी उघडली तर पुन्हा दोडक्याची जाळी!

"भांड्याईसाठी आहे," ती ठसक्यात म्हणाली.

आता फोड बरेच कमी आहेत, पट्टा हळूहळू फिका होतोय. रोज सकाळी फोन वाजतो, व्हिडिओ चालू. गावातल्या मोती तलावाकाठी झपाझप चालणारी आई धापा टाकत विचारते, "उठली का वं? माह्या दोन चकरा झाल्या." मी पुण्यात बूट चढवते. माझं घर आता हाकेवर आहे, आणि मी पहिल्या हाकेला उठते.