अवेळी वाजलेला भोंगा

नकली मिशा चिकटवायच्या गोंदाचा वास आला की भिलाईतला तो उन्हाळा आठवतो. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि कॅंप-१ या कामगारवस्तीच्या मैदानात आम्ही एक जुनं पौराणिक नाटक करत होतो. मी राणी होते. ऐन प्रवेशात कारखान्याचा भोंगा अवेळी वाजू लागला. अपघात! आमचे हे तिथंच ड्यूटीवर होते. पुढचं वाक्य मला सुचेना. राजा झालेले शेजारचे काका म्हणाले, "जा पोरी, नाटक राहू दे." मी मुकुटासकट कारखान्याच्या फाटकाकडे धावले. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले, सिमेंटनं पांढरे झालेले. "कावून रडून राहिली? मले काही नाही झालं." मी त्यांचा हात धरला, पण माझ्याशेजारी नवऱ्याची वाट पाहत उभी असलेली बाई अजून आतच बघत होती. आज हे समोर बसून चहा पितात, तरी मला तिचा चेहरा दिसतो.