अध्यक्षांचं कोपर

मोबाइलवर अजून बटणं होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. वसईतल्या एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होतो. गिरीजच्या केळी-भाजी पिकवणाऱ्या वाडीवाल्यांच्या सोसायटीनं आमच्याकडे रांगेचे नंबर देणारं यंत्र मागितलं. पडद्याला हात लावला की चिठ्ठी बाहेर. पडदा कोणता, ते मी ठरवायचं होतं.

पर्याय दोन होते. काचेच्या पडद्याला उघड्या बोटाचा नुसता स्पर्श पुरे. मधे कापड आलं की तो ढिम्म. दुसऱ्यावर पातळ प्लास्टिक ताणलेलं होतं. ते दाबलं की काम होई, मग दाबणारं काहीही असो. सोसायटीच्या अध्यक्षांनी काच पाहताक्षणी पसंत केली. प्लास्टिक त्यांना जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडासारखं वाटलं.

मी दोन्ही पडदे दोन दिवस लावून बघायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी काच. माल बाजारात नेणाऱ्या पहिल्या टेम्पोत रांगेतल्या पहिल्या बारा जणांच्याच पाट्या मावत. उरलेल्यांचा माल दुसऱ्या टेम्पोतून जाई आणि पोचेपर्यंत पालेभाजी मान टाकी. एक काकू वर्षानुवर्षं रांगेत पहिल्या असत. यंत्रामुळे तो नंबर जाईल, ही त्यांची धास्ती त्यांनी मला आदल्या दिवशीच ऐकवली होती.

त्या आल्या, सर्वांआधी. केळीचा चीक लागू नये म्हणून वाडीतल्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात, तशा त्यांच्याही होत्या. काकूंनी बोट लावलं. काही झालं नाही. दुसरं लावलं. मागे रांग वाढली. अध्यक्षांनी चिंध्या सोडायला सुचवलं. रोज दहा बोटं सोडायची आणि परत बांधायची, तोवर टेम्पो थांबणार का, असं काकूंनी विचारलं. मग त्यांनी पाटीतलं एक केळं तळहातात धरलं आणि त्याचं टोक काचेला लावलं.

चिठ्ठी आली.

"केल्याला ओळखतो," काकू मला म्हणाल्या, "मला नाय. सभासद कोन मग, बाबा?"

यंत्राशेजारी दोरीनं एक केळं टांगून ठेवावं, असं अध्यक्षांचं मत पडलं. ते काळं पडलं की बदलायला कोण येणार, हे मी विचारलं. आमच्या सुट्या भागांच्या यादीत केळं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक. ते चिंधी, नख, कोयत्याची मूठ, सगळं मानी. काकू पुन्हा पहिल्या आल्या. पण त्यांच्याआधी अध्यक्ष हजर होते. मेणकापडात काय खोट आहे, ते यंत्राला टेकून मला समजावत होते. बोलता बोलता त्यांचं कोपर पडद्यावर दाबलं गेलं आणि एक नंबरची चिठ्ठी त्यांच्या पायाशी पडली.

काकूंना मिळाली दोन नंबरची.

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या.

"अध्यक्ष, तुमचा माल कुठंय?"

अध्यक्षांकडे माल नव्हता. ते कधी वाडीत उतरले होते, हेही कुणाला आठवत नव्हतं.

"मग तुम्हालाच चढवते पहिल्या टेम्पोत. ही घ्या, माझी पाटी रिकामी करते."

त्यांनी खरंच पाटी उतरवायला घेतली. अध्यक्षांनी वाकून चिठ्ठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. मेणकापडाबद्दल नंतर ते काही बोलले नाहीत.

अहवालात मी प्लास्टिकची शिफारस केली. 'चुकून झालेले स्पर्श' या रकान्यात लिहिलं: एक, कोपराचा. नंबर मूळ व्यक्तीला परत.