फ्रीजवरचं रेडिओ स्टेशन

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या घरात ते स्टेशन फक्त फ्रीजवर लागायचं. रेडिओ ओट्यावर ठेवला की खरखर, खिडकीत ठेवला की हवामानाच्या बातम्या. शिकागोच्या दक्षिण भागात, एका लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत थाटलेलं ते स्टेशन दिवसभर ऱ्हिदम अँड ब्लूज लावायचं. काळ्या लोकांचं संगीत. प्रेम, विरह आणि मधल्या सगळ्या भानगडी. सकाळी दहाला एक बाई बोलायला यायच्या. आवाज खवा भाजल्यासारखा, सावकाश आणि खरपूस.

मी तेव्हा तिशीतली, आणि मराठी मंडळाची सांस्कृतिक सचिव. म्हणजे किती शहाणी असेन बघा. आमच्याकडे फक्त शास्त्रीय ऐकतात, असं मी चारचौघांत सांगत असे. शिकागोच्या त्या भागातून जाताना गाडीची दारं आतून लॉक करणारी हीच बाई घरी येऊन तिथल्याच गाण्यांवर कणीक मळायची.

लहानपणी आम्ही रेडिओला फर्माइशीचं पोस्टकार्ड पाठवायचो, खाली घरातल्या सगळ्यांची नावं. इथेही तसंच असणार, हे मी गृहीत धरलं. इथले लोक फोन करून एकाच माणसासाठी गाणं मागत, तोही बहुधा रुसलेला असे. मी कार्ड धाडलं त्यावर चौदा नावं: नवरा, सासूबाई, दोन्ही नणंदा, त्यांचे यजमान, मुलंबाळं, पुण्यातल्या शेजारीणबाईसुद्धा. मागितलेलं गाणं होतं घर सोडून निघालेल्या बाईचं. शब्दांकडे लक्ष कोण देतंय, चाल गोड होती.

बाईंनी चौदाच्या चौदा नावं धापा टाकत वाचली आणि शेवटी विचारलं, "इतक्या सगळ्यांना सोडून चाललीस का गं, पोरी?"

मला तो सन्मान वाटला. मग मी दर आठवड्याला कार्ड पाठवू लागले. त्याही न चुकता यादी वाचायच्या. टेपरेकॉर्डर रेडिओला चिकटवून मी ते सगळं कॅसेटवर घ्यायची, आणि मंडळातल्या बायका घरी आल्या तर पंचाईत नको म्हणून वर लिहायची, 'सकाळची भजनं, भाग एक', 'भाग दोन', 'भाग तीन'.

गेल्या वर्षी स्टेशन बंद पडलं. माझी नात एका लायब्ररीत काम करते. तिथे त्याचा इतिहास मांडायचं ठरलं. जेवताना ती म्हणाली की दहा वाजताच्या बाई अजून आहेत, ऐंशी ओलांडलेल्या, पण त्यांचा एकही कार्यक्रम उरलेला नाही. काही टेपांवर पुन्हा रेकॉर्डिंग झालं, बाकीच्या तळघरात पाणी शिरून खराब झाल्या. "बाकी सगळ्यांचे व्हॉइसेस आहेत, आजी. त्यांचा फक्त फोटो."

त्यांचा आवाज माझ्या कॅसेटवर होता. त्या कॅसेट मी केव्हाच देवळाच्या ग्रंथालयाला दान केल्या होत्या. पुढच्या पिढीला संस्कार मिळावेत म्हणून. त्या प्रसंगी पाच मिनिटं भाषणही केलं होतं.

देवळातल्या कपाटाची किल्ली नेमकी त्या काळच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे. आमचं कधीच पटलं नाही. भजनं परत कशाला हवीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं शोधत होते, पण ऐंशीतल्या त्या बाई डोळ्यांपुढे आल्या. खरं काय ते सांगून टाकलं.

त्यांनी शांतपणे कपाट उघडलं. "भाग एक आणि दोन इथे आहेत," त्या म्हणाल्या. "तीन माझ्या गाडीत आहे. आठ वर्षं झाली."

लायब्ररीत भाग दोन लावला. रेडिओवरच्या बाई समोर काठी धरून बसलेल्या. आधी त्यांचा तो आवाज आला, आणि त्यांनी डोळे मिटले. मग कुकरच्या तीन शिट्ट्या. मग चौदा नावं, मग गाणं, त्यावर माझं बेसूर गाणं. मग फोन वाजला आणि मी ठसक्यात म्हणताना ऐकू आले, "छे हो, असलं काही आमच्याकडे लावत नाहीत." नातीचे खांदे हलत होते.

तंत्रज्ञ म्हणाला, स्वयंपाकघर काढून टाकता येईल. त्या भाताच्या कुकरच्या शिट्ट्या, असं नातीनं बाईंना समजावलं.

"शिट्ट्या राहू देत," बाई म्हणाल्या. "मी इतकी वर्षं एका भिंतीकडे बघून बोलत होते. पलीकडे कुणाचा तरी भात शिजत होता, हे आज कळलं." मग माझ्याकडे वळल्या. "ती यादीवाली तूच ना? त्यातले आहेत किती आता?"

पाच, मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वस्तूवरचं मूळ लेबल बदलायचं नाही, असा लायब्ररीचा नियम आहे. त्यामुळे काचेच्या पेटीत, स्टेशनच्या मायक्रोफोनशेजारी, माझ्या अक्षरात 'सकाळची भजनं, भाग दोन' विराजमान आहे. परवा मंडळाची हल्लीची सांस्कृतिक सचिव आली होती. हेडफोन लावून डोळे मिटून डोलत होती, तिसऱ्या शिट्टीनंतरही. काय ऐकलंस, असं मी मुद्दामच विचारलं नाही. शास्त्रीय, म्हणाली असती.