तिसरं वाचन

मी आमच्या गावातल्या लालबाग भागात, स्टेशनजवळ राहतो आणि कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत कागदाची जाडी मोजतो. एक गोष्ट तीनदा मोजायची, हा माझा नियम. दोन वाचनं जुळली नाहीत तर खरं कोणतं, ते तिसऱ्याशिवाय कळत नाही. मुलगी लहान होती तेव्हा ताटातली पोळीसुद्धा मी तिला तीनदा मोजायला लावायचो.

आता ती पुण्यात वीज साठवणाऱ्या चिमुकल्या उपकरणांवर काम करते. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा नखाएवढ्या दोन काचांची जोडी घेऊन आली. दोन्हींवर वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचा हिरवा थर, मध्ये जेल. सोबत आणलेल्या एका सुट्या काचेवर मी मायक्रोमीटर लावून पाहिला. थर असलेला भाग आणि कोरा भाग, जाडीचा आकडा एकच.

"बाबा, तुमच्या यंत्राला तो दिसणारच नाही."

वीज भरली की एक काच निळी व्हायची, दुसरी पिवळट. वीज आपोआप झिरपून गेली की दोन्ही पुन्हा हिरव्या. आमच्या उकाड्यात रंग किती वेळ टिकतो, ते तिला हवं होतं. दोन दुपारी आम्ही शेजारी बसून घड्याळ पाहिलं. आधी पन्नास मिनिटं, मग अडतीस. इतका वेळ ती माझ्याजवळ कित्येक वर्षांत बसली नव्हती.

तिसऱ्या दुपारी तिची गाडी होती. पुढच्या महिन्यात ती दोन वर्षांसाठी परदेशी जाणार होती.

"तिसरं राहू दे," मी म्हणालो. "मी स्टेशनवर येतो."

"मग काय लिहू, बाबांनी अंदाजे सांगितलं?" तिने वीज भरून वायर काढली आणि घड्याळ माझ्यापुढे सरकवलं.

तिला पोचवायला निघालेली बायको रिक्षात चढता चढता म्हणाली, "बसा आता. नियम तुमचाच ना?"

मी बसलो. गाडीचा भोंगा घरापर्यंत ऐकू येतो. तो वाजला तेव्हा काच निळीच होती. हिरवी व्हायला एकंदर चव्वेचाळीस मिनिटं लागली. मी फोन केला.

"चव्वेचाळीस? पक्कं?"

"पक्कं."

गाडीच्या खडखडाटात तिने आकडा लिहून घेतला.

"मी डब्याच्या दारातच उभी होते बाबा. म्हटलं, रंग लवकर उडाला तर पोचाल."

"नाही उडाला, बेटा," मी म्हणालो. "चांगला टिकला."