नांदूरघाटच्या गाडीने येणारा डबा

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही तिघे बीडमध्ये दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात राहत होतो. नावं एकमेकांना माहीत होती, पण वापरात नव्हती. एक नांदूरघाटचा, एक तलवाड्याचा आणि मी पाटोद्याचा, एवढ्यावर भागायचं. कॉलेजात हजेरीला नाव पुकारलं की ते आपलंच आहे हे कळायला क्षणभर लागायचं.

जेवण गावाहून यायचं. जिल्ह्यात ही सोय जुनी आहे. सकाळी घरचं कोणीतरी गावच्या थांब्यावर डबा घेऊन उभं राहतं आणि कंडक्टरच्या हवाली करतं. ड्रायव्हरच्या सीटमागे डब्यांची रांग लागते. बसस्थानकावर मुलं झाकणावरची ऑइलपेंटची खूण पाहून आपापला डबा उचलतात. संध्याकाळच्या फेरीला रिकामा डबा परत जातो. माझा पाटोद्याच्या गाडीने यायचा, नांदूरघाटच्याचा त्याच्या गावच्या गाडीने. तलवाड्याच्याला गाडीची वेळ जुळत नव्हती. तो स्टोव्हवर खिचडी करायचा, ती बाजूला ठेवायचा आणि आमच्या डब्यांत जेवायचा.

सेमिस्टर सुरू होऊन पंधरा दिवस झाले असताना नांदूरघाटच्याने बॅग भरली. चाकणच्या एका कारखान्यात मशीन चालवण्याचं प्रशिक्षण होतं, पंचेचाळीस दिवसांचं. जे टिकतील त्यांना ठेवून घेणार होते. घरी त्याने सांगितलं नव्हतं आणि सांगणार नव्हता. त्याच्या वडिलांनी गावात कृषी सेवा केंद्रासाठी गाळा बांधला होता. शटर बसलं होतं, पाटी रंगवून झाली होती. परवान्यासाठी मुलाची पदवी तेवढी बाकी होती. मागच्या उन्हाळ्यात तो असाच न सांगता पुण्याला एका गोदामात कामाला लागला होता. आठव्या दिवशी वडील फाटकावर उभे होते. सोबत दोन मामा होते. त्याला मधे बसवून गावी आणलं गेलं.

"पंचेचाळीस दिवस," तो म्हणाला. "तेवढे निभवा. कागद हातात आला की मीच सांगतो दादांना." वडिलांना तो दादा म्हणायचा.

"आन् डबा?" तलवाड्याच्याने विचारलं.

डब्याचा विचार त्याने केलेला नव्हता. तो कॉटवर बसला.

"बंद करा म्हणून सांग घरी."

"कावून म्हणतील. मेस लावली म्हणलं तर दादा मेस बघायला येतील."

"मग आमी खातो."

"खा बे. पण रिकामा परत गेला पायजे. भरलेला गेला की दुसऱ्या गाडीनं दादा आलेच समज."

त्या दिवशी दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याच्या वतीने जेवू लागलो.

पहिल्या दिवशी चार भाकरी, कारल्याची भाजी, ठेचा आणि दही होतं. तलवाड्याच्याने कारलं संपवलं. दुसऱ्याचा डबा खरकटा पाठवणं बरं दिसत नाही यावर आमचं एकमत झालं. मी तो पावडरने घासला, पुसला, उन्हात पालथा घातला, झाकणं क्रमाने लावली आणि संध्याकाळच्या गाडीत ठेवून आलो. रात्री चाकणहून फोन आला.

"डबा गेला का?"

"गेला. चकचकीत करून."

"चकचकीत म्हंजे?"

"धुतला."

"कावून धुतला बे?" तो ओरडला. "दीड वर्षात मी डबा धुतलेला न्हाई. आन् कारलं?"

"खाल्लं."

"मी कारलं खात न्हाई. जन्मात न्हाई खाल्लं."

आई ते तरीही पंधरा दिवसांतून एकदा पाठवायची आणि ते तसंच परत जायचं, अशी माहिती त्यातून पुढे आली. या विषयावर मायलेकांत कधी बोलणं झालं नव्हतं.

त्याच फोनवर त्याने त्याच्या जेवणाची पद्धत सांगितली आणि मी ती वहीच्या पानावर उतरवून घेतली. भाकरीचा जाड काठ सोडायचा. ठेचा सगळा खायचा, दही बोटाने पुसून घ्यायचं, वरणाला तळाशी थोडं राहू द्यायचं. कारल्याला हात लावायचा नाही. झाकणं उलटसुलट कोंबायची. पाणी लावायचं नाही. ते पान आम्ही दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि डबा बंद करण्यापूर्वी एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं असं ठरवलं. तलवाड्याच्याची काठ सोडण्याची तयारी नव्हती. काठ हीच भाकरी, असं त्याचं मत होतं. तो काठ मोडून बाजूला ठेवायचा, मधलं खायचा आणि मग काठाकडे बघत बसायचा.

दुसऱ्या आठवड्यात डब्यात चारच्या जागी सहा भाकरी आल्या. कारलंही आलं, पंधरा दिवस व्हायच्या आत. मग आठवड्यातून दोनदा येऊ लागलं. नियमाप्रमाणे ते परत पाठवायचं होतं. दोनदा पाठवलं. तिसऱ्यांदा तलवाड्याच्याने पानाकडे पाठ केली आणि खाल्लं.

मी रोज दुपारी मोबाईलवर चाकणला त्या दिवशीचा डबा कळवत असे. आई विचारते तेव्हा उत्तर देता यावं यासाठी ही व्यवस्था होती. त्या दिवशी मी लिहिलं, "कारलं संपलं." त्याने ते शिफ्ट सुटताना घाईत वाचलं. संध्याकाळी आईचा फोन आला.

"कारलं कसं झालतं?"

"लई भारी झालतं."

त्याच्या सांगण्यानुसार आई नुसतं "बरं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ भाकरी आल्या. डबाही बदलला होता. तीन पुडांच्या जागी चार पुडांचा होता आणि झाकणावरचा ऑइलपेंट अजून चिकट होता.

आम्ही याचा अर्थ असा लावला की आमचं काम फार चांगलं चाललंय आणि मुलाची भूक वाढल्याचा आईचा समज झालाय. म्हणून आम्ही काठ रुंद सोडू लागलो. वरण जास्त ठेवू लागलो. नऊ भाकरी येतच राहिल्या. आईने एकदाही फोनवर भाकरींचा विषय काढला नाही. हे लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

वडील पाचव्या आठवड्यात आले. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करून घ्यायला त्यांना बीडला यायचंच होतं, म्हणून त्या दिवशी डबा कंडक्टरकडे न देता ते तो मांडीवर घेऊन बसून आले. दार उघडंच होतं, त्यामुळे दारामागचं पान भिंतीकडे दबलेलं होतं. वडील आत येऊन कॉटवर टेकले.

"दार लोटा रं. ऊन येतंय."

तलवाड्याचा उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"कडी खराब हाय, काका. लागली की उघडत न्हाई."

"मग मालकाला सांगा की."

"सांगितलंय."

"त्यो कुठंय?"

"प्रॅक्टिकलला," मी म्हणालो.

"कवा येईल?"

"लई लांबतं प्रॅक्टिकल."

वडिलांनी मोबाईल काढून त्याला फोन लावला. पलीकडचा खडखडाट आम्हालाही ऐकू येत होता.

"आवाज कसला रं एवढा?"

"मशीन चालू हाय, दादा."

"जेवलास का?"

"न्हाई अजून."

"डबा आणलाय मी."

"बरं. ठेवा तिथं."

या संभाषणात आपण एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही, हे त्याने नंतर आम्हाला दोनदा सांगितलं.

तेवढ्यात तलवाड्याचा सवयीने म्हणाला, "काका, दोन घास खाऊन जा." बोलल्यावर त्याला चूक कळली, पण दार सोडता येत नव्हतं. वडिलांनी डबा उघडला. दीड वर्ष रोज सकाळी ते डबा मोटरसायकलवर थांब्यावर नेत होते आणि संध्याकाळी परत आणत होते. उघडला मात्र कधी नव्हता. त्यांनी फडकं सोडलं आणि भाकरी एकेक करून उचलून पाहिल्या.

"नऊ हायेत."

त्यांनी डबा आमच्याकडे वळवला.

"एकट्याला?"

"खातो ना, काका," तलवाड्याचा दाराला रेटून म्हणाला.

"नऊ?"

"कवा कवा कमी पडतं."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी भाकरी पुन्हा नीट रचल्या, फडकं बांधलं आणि स्वतः काही न खाता उठले. "अभ्यासानं भूक लागतीच," ते दारात थांबून म्हणाले. तासाभराने तलवाड्याच्याने दार सोडलं, तेव्हा त्याच्या शर्टाला पाठीवर दाराचा रंग लागला होता.

पुढच्या दिवसापासून अकरा भाकरी येऊ लागल्या. डबा देताना कंडक्टर मला निरखून पाहायचा. एकदा न राहवून त्याने विचारलं, "अकरा खाणारा तूच का? त्याचा बाप थांब्यावर सगळ्यांना सांगत असतो." मी नाही म्हणालो. "वाटतच नव्हतं," तो म्हणाला.

पंचेचाळिसाव्या दिवशी कागद मिळाला. नांदूरघाटचा सकाळी बीडला उतरला. तो वाळला होता. एकट्याने घरी जायची त्याची तयारी नव्हती, म्हणून मी बरोबर निघालो. आधी जेवायचं, मग कागद काढायचा, असं गाडीत ठरलं.

घरी ओट्यावर दोन शेजारी येऊन बसले होते. एक विळा परत करायला आला होता, दुसरा त्याच्यासोबत. विळा परत करून झाला होता, पण कोणी उठत नव्हतं. वडिलांनी ताटं समोरच्या खोलीत, दारातून दिसतील अशी मांडायला लावली. आईने वाढलं. वडील स्वतः टोपलं घेऊन मुलाजवळ बसले.

दोन भाकरी झाल्या तेव्हा शेजाऱ्यांपैकी एकाने बसण्याची बाजू बदलली. तिसरीला त्याचा वेग कमी झाला. चाकणला तो रोज भात खात होता. चौथी त्याने हातात घेतली, मोडली आणि खाली ठेवली.

"घे की," वडील म्हणाले.

"बास, दादा."

"लाजू नको."

"खरंच बास."

ओट्यावरचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. वडील शेजाऱ्यांना म्हणाले, "गाडी लागलीय त्याला. पोटात ढवळतंय." शेजारी मान हलवून उठले. त्यांची निराशा लपत नव्हती.

ते गेल्यावर वडिलांनी मुलाच्या ताटाकडे पाहिलं. ताटात तीन भाकरींचे जाड काठ होते. कारलं जसं वाढलं तसं होतं. मग त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. त्यात काहीच शिल्लक नव्हतं. ते पुन्हा काठांकडे वळले.

"अकरा कोण खातं?"

मुलगा कागद काढायला खिशात हात घालत होता. आईच बोलली.

"ही दोघं खातात. त्यो चाकणला असतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? डबा धुऊन आला. झाकणं बरोबर लावलेली. कारलं संपलेलं. म्हणलं, हे माझं पोरगं न्हाई. मग त्याच्यासंगं चाकणला गेलेल्या दोस्ताच्या आईकडनं काढलं."

"कवा?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी मामांना घेऊन गाडीत बसला असता."

वडील टोपल्यातल्या उरलेल्या भाकरींकडे बघत होते. "आन् एवढं थापत कुणासाठी होतीस?"

"दोन पोरं हायेत ना तिथं. एकाच्या डब्यात दोघांचं कसं भागावं?"

"मी रोज गाडीवर नेऊन देत होतो."

"व्हय. तुमी देत होता म्हणून तर चाललं."

नांदूरघाटच्याने कागद पुढे केला. वडिलांनी तो वाचला, उलटला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी पुढच्यापेक्षा जास्त वेळ पाहिली.

"पेपराला येणार का?"

"येणार."

"पास?"

"होईल."

"तिथं जेवायला काय देतात?"

"भात, दादा. दोन्ही टाइम."

"भात," वडील म्हणाले. कागद घडी करून त्यांनी मुलाच्या खिशात परत ठेवला आणि आईला म्हणाले, "चार भाकरी बांध त्याला गाडीसाठी." दुकानाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मी बीडला परत येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा तलवाड्याच्याने एकच प्रश्न विचारला. "मंग डबा बंद?"

मलाही तसंच वाटत होतं. आता खोटं सांभाळायचं कारण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझा डबा घ्यायला स्थानकावर गेलो, तर नांदूरघाटच्या कंडक्टरने चार पुडांचा डबा माझ्या हातात दिला.

"कोणी दिला?"

"त्याच्या बापानं. तब्येत सुधारली म्हणं पोराची. पुन्हा अकरा खायला लागलं म्हणत होते थांब्यावर. चार माणसं ऐकत होती."

डबा सेमिस्टर संपेपर्यंत आला. कंडक्टरने डबा दिला त्या पहिल्याच दिवशी वरच्या पुडात, भाकरींच्या फडक्याखाली, आईने लिहिलेली चिठ्ठी होती. ती मी तलवाड्याच्याला वाचून दाखवली. त्याने दारामागचं पान फाडून काढलं आणि पावडरचा डबा शोधायला उठला. चिठ्ठीत एवढंच होतं: आता धुऊन पाठवत जा.